दारातल्या फायरमनचे डोळे

माझा हात गणपतीचा आहे. रोह्याच्या पलीकडल्या अष्टमी गावातून लग्न होऊन मी पेणजवळच्या जोह्यात आले, त्याला तीस वर्षं होऊन गेली. त्यातली बहुतेक वर्षं मी मूर्तींचे डोळे काढण्यात घालवली. आमच्याकडे कारखाना म्हणजे गणपतीचा कारखाना. जोह्यात काय, हमरापुरात काय, घरटी एक. कुणी साचे भरतं, कुणी घासतं, कुणी सोनेरी लावतं. पण डोळ्यांची आखणी घरातल्या एकाच हातानं करायची. आमच्या घरात तो हात माझा. सासऱ्यांनी मला पहिल्यांदा पाटावर बसवलं तेव्हा शेजारणी म्हणाल्या होत्या, फायरवाल्याची लेक, हिला काय जमणार? जमलं. मी तोंडाळ आहे आणि थोडी गर्विष्ठही आहे, गावात कुणालाही विचारा. पण आखणी करताना माझ्या तोंडातून शब्द निघत नाही, कारण वरच्या पापणीची रेघ एका श्वासात ओढावी लागते.

चैत्र नुकता लागला होता. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्यात माझ्या माहेरचा, अष्टमीचा एक माणूस मोटारसायकलवरून आला. पस्तिशीचा असेल. पुण्यात आठ-दहा वर्षं हॉटेलात काम करून तो परत आला होता आणि पुलाकडच्या रस्त्याला स्वतःचं हॉटेल काढत होता. त्यानं मोबाइलवर एक रील दाखवली. कुठल्यातरी परदेशातलं हॉटेल, सगळं फायर स्टेशनसारखं सजवलेलं. लाल दारं, भिंतीला शिडी, छताला पितळी घंटा.

“काकू, थाळीची हॉटेलं रोहा-अष्टमीत ढीगभर हायेत,” तो म्हणाला. “मला हे असं करायचंय. लाल शटर, वाळूच्या बादल्या, घंटा, सगळं जमवलंय. फक्त दारात एक फायरमन पायजे. पुरा माणसाएवढा.”

आग विझवायच्या जागेत बसून लोक तंदुरी खाणार, याचं मला हसू आलं. आमचे हे म्हणाले, आम्ही गणपती करतो, नवरात्रात देवी करतो, माणूस आजवर केला नाही, तुम्ही पेणला चौकशी करा. ह्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, “करू आम्ही.” हे माझ्याकडे बघतच राहिले. सीझनच्या तोंडावर मी एक जादा ऑर्डर घेतली तरी घरात भांडण होतं, आणि इथं मी एक अख्खा माणूस घेऊन बसले होते.

मी हो का म्हटलं ते आता सांगते. माझे बाबा फायरमन होते. रोह्याबाहेर कंपन्यांची वसाहत आहे, तिथल्या फायर स्टेशनला त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाले आणि चार वर्षांत छातीत कळ येऊन गेले, अष्टमीच्या घरात, सकाळच्या चहाच्या वेळी. त्याला वीस-बावीस वर्षं झाली. त्यांचा एकच धड फोटो होता. तो आईनं भिंतीला लावला होता आणि रोज पुसायची. मग एका पावसाळ्यात कुंडलिका नदीचं पाणी घरात शिरलं, माणसांना माळ्यावर चढावं लागलं, फोटो खालीच राहिला. पाणी उतरल्यावर भावानं काच काढायला घेतली तर फोटो काचेला चिकटलेला. हळू सोडवू म्हणाला. सोडवला. खांदे आणि शर्ट कागदावर राहिले, चेहरा सगळा काचेवर निघून आला आणि वाळल्यावर त्याचा पिवळा डाग झाला. स्टेशनातला एक घोळक्याचा फोटो आहे, पण त्यात बाबा मागच्या रांगेत, हेल्मेटखाली नुसती हनुवटी.

गेल्या दिवाळीत मी माहेरी गेले होते. दुपारी आई वाल सोलत बसली होती, मीही बसले. बोलता बोलता ती एकदम म्हणाली, “मला त्यांचा चेहरा आठवत नाय गो.”

मला वाटलं ती थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती.

“आवाज येतो कानात,” ती म्हणाली. “चालणं आठवतं. पायाची नखंसुद्धा आठवतात. तोंडच येत नाय समोर. लय डोकं लावते, नाय येत. एकदा बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. मी आता किती दिवस हाय.”

आता इथं मी काय करायला हवं होतं? गप्प बसून तिचा हात धरायला हवा होता. पण मी कसली गप्प बसतेय. मी म्हटलं, “मला आठवतो ना. लख्ख आठवतो.”

आईनं वालाची टरफलं परातीच्या कडेला सारली आणि म्हणाली, “मग दाव.”

ते ‘दाव’ मी हसण्यावारी नेलं, पण ते माझ्यामागे जोह्यापर्यंत आलं. गणपतीला डोळे लावताना आठवायचं, भाकरी थापताना आठवायचं. तिनं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. साडी दिली तरी कशाला आणलीस म्हणणारी बाई. तिनं एक चेहरा मागितला होता, आणि चेहरे करणं हाच तर माझा धंदा. म्हणून हॉटेलवाल्याला हो म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी आईला फोन लावला. “आई, बाबांना उभं करतेय. अष्टमीतच, पुलाजवळ. तुला चालत जाऊन बघता येईल.” मग तिनं विचारलं, “कवा?”

अक्षय्य तृतीयेला, मी सांगितलं. हॉटेलचं उद्घाटन त्याच दिवशी होतं.

फायबरचं अंग आमच्या ह्यांनी केलं. हात बसलेला असला की काय होतं बघा. पहिल्यांदा जो फायरमन उभा राहिला त्याचा उजवा हात छातीपाशी, तळवा पुढे, पक्का आशीर्वाद देणारा. ह्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. हॉटेलवाला बघायला आला आणि म्हणाला, “काका, हा सलाम ठोकतोय की वर देतोय?” मग तो हात कापून कपाळाशी नेला. पोटही अंमळ सुटलं होतं, ते मी घासायला लावलं. माझे बाबा काटकुळे होते हो. शिडीवर चढणाऱ्या माणसाला कसलं पोट? ह्या दोन गोष्टींवरून मी ह्यांना आठवडाभर चिडवलं. मला तेव्हा ठाऊक नव्हतं की माझीही पाळी येणार आहे.

चेहरा मी माझ्या हातानं घडवला. नाक सरळ, गाल बसलेले, मिशी जाड. इथवर मला शंका नव्हती. मग डोळे. आखणीला मी सकाळीच बसते, अंघोळ करून, दार लोटून. त्या दिवशी शून्य नंबरचा ब्रश घेतला, डोळे मिटले आणि बाबांना आठवायला लागले. आलं काय, तर खाकी शर्टाचा वास. बशीत फुंकर घालताना पुढे आलेले ओठ. दंडावरचा भाजल्याचा डाग. शिफ्ट करून आले की ते दिवसा झोपायचे आणि आम्ही भावंडं ओट्यावर कुजबुजत खेळायचो, तेव्हा खिडकीतून दिसणारी त्यांची पाठ. मी थांबले नाही. वाटलं, हात आपोआप चालेल, त्याला ठाऊक असेल. आणि हात चाललाच की. दोन्ही डोळे एका बैठकीत उतरले, एकदाही ब्रश अडखळला नाही. घरातले सगळे जमले. हे म्हणाले, “काय नजर आलीय!” जाऊबाई तर तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. इतके सुंदर डोळे मी कित्येक दिवसांत काढले नव्हते, आणि मला रडू आलं. बाबा आले असंच मला वाटलं.

उद्घाटनाच्या पहाटे फायरमनला पेंढ्यात गुंडाळून टेम्पोत आडवा केला. रंगाची पेटी मी बरोबर घेतली, वाटेत रंग खरवडला तर डागडुजी करायला लागते. पेण मागे पडलं, नागोठणं गेलं, आणि रोहा जवळ यायला लागलं तशी माझी धडधड वाढत गेली. लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढी झाली नव्हती.

हॉटेल झ्याक केलं होतं, खोटं कशाला बोला. लाल शटर, आत ओळीनं टांगलेल्या वाळूच्या बादल्या, त्यावर पांढऱ्या अक्षरात ‘आग’. कठड्याला जुने कॅनव्हासचे पाइप गुंडाळलेले. वाढप्यांना लाल टोप्या. तिखटाचं माप बंबात: एक बंब, दोन बंब, तीन बंब मटण. फायर ब्रिगेडच्या फोन नंबरावरून एकशेएक थाळी. ताट तयार झालं की आतून घंटा वाजायची. बाबांनी हे बघितलं असतं तर कपाळावर हात मारला असता, आणि तीन बंब मागवलं असतं.

फायरमन दारात उजवीकडे चौथऱ्यावर उभा केला. पेंढा झाडला, हार घातला, नारळ फुटला. आणि मग माझ्या लक्षात यायला लागलं. पहिल्यांदा एक म्हातारे गृहस्थ आत शिरता शिरता थबकले, चप्पल काढली, फायरमनला हात जोडले आणि मग चप्पल घालून आत गेले. मला वाटलं, नारळ फोडला म्हणून असेल. मग एक बाई लेकराला कडेवर घेऊन आली, त्याचं डोकं चौथऱ्याला टेकवलं. भाजीवालीनं टोपलीतलं जास्वंदीचं फूल त्याच्या बुटावर ठेवलं. हॉटेलवाला खूश. “काकू, लोकांना भावलाय बघा,” म्हणाला. मी रस्त्याच्या पलीकडे गेले आणि तिथून वर बघितलं. मग डावीकडे सरकून बघितलं, उजवीकडे सरकून बघितलं. कुठूनही बघा, तो आपल्याकडेच बघत होता. अर्धवट मिटलेले, शांत, सगळ्यांना क्षमा केलेले डोळे. खाकी कपड्यांत, पिवळ्या हेल्मेटखाली, मी गणपती उभा केला होता. आणि जोह्यातल्या एकालाही ते दिसलं नव्हतं, कारण आम्हाला डोळे म्हणजे तेच डोळे.

एवढ्यात पुलाकडून भाऊ आणि आई येताना दिसले. आईनं दिवाळीत घेतलेली जांभळी साडी नेसली होती. ती साडी ती लग्नकार्यालाही नेसत नाही, ठेवणीतली आहे म्हणते. मला पळून जावंसं वाटलं.

आई चौथऱ्यापुढे आली, लोक करत होते तसे तिनं हात जोडले, मान लववली. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “कुठला देव गो हा? टोपीवाला?”

“आई,” मी म्हटलं, “बाबा आहेत.”

तिनं वर बघितलं. मी आजवर इतक्या मूर्ती गिऱ्हाइकांपुढे ठेवल्या, पण कुणी माझ्या कामाकडे असं बघितलं नाही. ती डोळ्यांवर आली, मिशीवर गेली, परत डोळ्यांवर आली. मग तिनं मान हलवली.

“नाय गो. हे नव्हेत ते.”

आणि मी भडकले. त्या जागेवर, हार-नारळात, लोकांसमोर. लाज वाटते सांगायला, पण भडकले. “मग कसे होते ते तू सांग! तुलाच आठवत नाय ना? मी एवढी मरमर केली ती कुणासाठी?” भाऊ म्हणाला, अगं हळू. आई मात्र दुखावली नाही. ती अजून वरच बघत होती.

“कसे होते ते ठावं नाय,” ती म्हणाली. “पन असे नव्हते. हा सगळ्यांना बरं म्हणतोय. ते कुणाला बरं म्हणायचे नाय.” तिनं डोळ्यांकडे बोट केलं. “हा समोर बघतोय. ते माझ्याकडं कधी सरळ बघायचेच नाय. जेवताना कंपनीचा भोंगा ऐकत बसायचे, शिफ्ट नसली तरी. नजर कानाच्या मागं मागं. दाराकडं.” मग ती एकदम माझ्या दंडाला धरून म्हणाली, “आन डावा डोळा बारका होता! व्हय गो, बारका होता. कसल्यातरी वाफेनं सुजला होता, तो मग पुरा उघडलाच नाय कधी.”

जे दिवाळीपासून आठवून आठवून येत नव्हतं, ते माझ्या चुकीकडे बघून यायला लागलं होतं. मी हॉटेलवाल्याकडे गेले आणि म्हटलं, डोळे पुन्हा काढायचेत. तो हादरलाच. “काकू, नका हो. पहिल्या दिवशी लोक पाया पडतायत, ह्यापेक्षा काय पायजे?” त्याचंही खरं होतं. मग मी त्याला फोटोचं सांगितलं, काचेचं सांगितलं. त्यानं आईकडे बघितलं. “दुपारची गर्दी सरली की शटर अर्धं खाली घेतो,” म्हणाला. “तेवढ्यात काय ते करा.” आणि आईला आतल्या टेबलावर बसवून त्यानं स्वतः थाळी वाढली. तिनं भात तेवढा खाल्ला. सारखी दाराकडे वळून बघत होती.

साडेतीनला शटर निम्मं खाली आलं. मी स्टुलावर चढले, पांढरा रंग घेतला आणि हात अडला. आमच्यात एक रीत आहे. एकदा डोळे लागले की पुसायचे नाहीत. चुकले तरी नाहीत. मूर्ती बाजूला ठेवतात, पण डोळ्यांवर रंग फिरवत नाहीत. हा हॉटेलच्या दारातला फायरमन, ह्याला कसली रीत, असं मी मनाला दहा वेळा सांगितलं. तरी हात पुढे जाईना. मनातल्या मनात माफी मागितली आणि दोन्ही डोळ्यांवर पांढरा फिरवला. खालून आईनं पदर तोंडाशी धरला. रंग वाळेपर्यंत मी स्टुलावरच थांबले.

मग ती सांगत गेली आणि मी काढत गेले. “भुवई खाली घे. अजून. व्हय, कपाळाला आठी पायजे, उभी.” “बुबुळ बाजूला सार, रस्त्याकडं.” “डावा अजून बारीक कर. आता लय बारीक झाला, जरा उघड.” मी आयुष्यात कुणाचं ऐकून रेघ ओढलेली नाही. त्या दुपारी प्रत्येक रेघ तिला विचारून ओढली. पांढऱ्यात लाल घाल म्हणाली, धुरानं त्यांचे डोळे कायम तांबारलेले असायचे. तेही घातलं. तिचा आवाज बदलत चालला होता. ती आता आठवत नव्हती, समोर दिसतंय ते सांगत होती.

“बास,” ती म्हणाली. “आता हात लावू नको.”

मी स्टुलावरून वळून बघितलं. आईनं डोक्यावर पदर घेतला होता. बाबा कामावरून घरात शिरले की घ्यायची तसा, उजव्या हातानं, कानामागून. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. तिनं हात जोडले नाहीत. नुसती उभी होती, तोंड किंचित बाजूला करून, लाजल्यासारखी. ह्या वयात ती मला एवढी तरणी दिसली की मीच खाली बघितलं.

मग मी उतरले आणि तिच्या शेजारी उभी राहून फायरमनकडे बघितलं. दमलेला, चिडका, एक डोळा बारीक केलेला माणूस रस्त्यावर कसली तरी वाट बघत होता. मी वाट बघितली, की आता ओळख पटेल. जरा मागे सरले, मग पुढे झाले. पटली नाही. हा माणूस मी कधीच पाहिला नव्हता. आठवतो, लख्ख आठवतो म्हणून मी वर्षानुवर्षं जे उराशी धरून बसले होते त्याला डोळेच नव्हते, आणि त्या जागी मी मला येत होते ते देवाचे डोळे बसवले होते. आईला तिचा माणूस मिळाला. माझे बाबा माझ्याकडे नव्हतेच, आठवणीतून कधी निसटले तेही मला कळलं नव्हतं. मला तिचा हेवा वाटला. सख्ख्या आईचा.

“आले ना गो?” ती नजर न काढता म्हणाली. “वळखलंस ना?”

“व्हय,” मी म्हटलं.

मग नळाखाली ब्रश धुता धुता, तिच्याकडे पाठ करून, मी तिला विचारलं की ते हसायचे तेव्हा कसे दिसायचे.